जिल्ह्यातल्या सर्व फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र : अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम राखून ठेवूया

डॉक्टर मित्रांनो आणि मैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी सूक्ष्मजीवशास्त्राची लॅब सांभाळते. तुम्ही पाठवलेली लघवी, रक्त, पू माझ्या टेबलावर येतात आणि दोन-तीन दिवसांनी ‘एस’ (औषध चालतं) आणि ‘आर’ (चालत नाही) यांच्या रांगा असलेला कागद तुमच्याकडे परत जातो. आपली ओळख बहुतेक त्या कागदापुरतीच. त्यावर जे मावत नाही ते सांगायला हे पत्र लिहिते आहे. तुम्ही एमबीबीएस असा, बीएएमएस असा की बीएचएमएस, गावात ताप आलेला माणूस आधी तुमची पायरी चढतो. त्याच्या पोटात पहिलं अँटिबायोटिक कोणतं जाणार हे तुमच्या चिठ्ठीवर ठरतं. मोठ्या रुग्णालयांतल्या आयसीयूबद्दल पुष्कळ बोललं जातं, या पहिल्या चिठ्ठीबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

माझी मागणी अशी आहे : दुखणं शरीरात कुठे आहे आणि तिथे बहुधा कोणता जंतू असतो ते बघून औषध निवडा, आणि अझिथ्रोमायसिन व सेफिक्झिम ही दोन औषधं सर्दी, खोकला, घसा, गळू यांवर खर्च करू नका. भारताच्या खासगी बाजारातल्या २०१९ च्या अँटिबायोटिक विक्रीचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत जास्त खपलेली गोळी होती अझिथ्रोमायसिन ५००, तिच्याखालोखाल सेफिक्झिम २००. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकांचे तीन गट पाडले : ॲक्सेस म्हणजे आधी वापरायची, वॉच म्हणजे जपून वापरायची आणि रिझर्व्ह म्हणजे शेवटी हात लावायची. अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, नायट्रोफ्युरँटॉइन, सेफॅलेक्सिन, कोट्रायमॉक्साझोल ही पहिल्या गटात आहेत. अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्सोन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन दुसऱ्या. त्याच अभ्यासात आपल्या खासगी बाजाराचा निम्म्याहून जास्त वापर वॉच गटाचा निघाला आणि ॲक्सेसचा वाटा साधारण पाव. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत देशांनी जे उद्दिष्ट मान्य केलं, ते २०३० पर्यंत जगभरात किमान ७० टक्के वापर ॲक्सेस गटाचा असावा असं आहे. आपल्याकडे गणित नेमकं उलटं आहे आणि ते आयसीयूत बदलणार नाही, ओपीडीतच बदलेल.

टायफॉइडपासून सुरुवात करते, कारण औषधं हातातून कशी निसटत जातात हे या एका आजारात स्पष्ट दिसतं. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल टायफॉइडवर चालतं हे कळलं आणि ज्या तापाने घरंच्या घरं हादरत होती त्याला गोळी मिळाली. १९९० च्या आसपास क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलिन आणि कोट्रायमॉक्साझोल या तिन्हींना दाद न देणारा टायफॉइड भारतात पसरला. मग सिप्रोफ्लॉक्सासिनचे दिवस आले, आणि तेही फार टिकले नाहीत. आज भारतातल्या बहुतांश टायफॉइड जंतूंवर सिप्रोची भिस्त ठेवता येत नाही. खात्रीची दोनच उरली : तोंडाने अझिथ्रोमायसिन आणि सुईने सेफ्ट्रियाक्सोन. २०१६ मध्ये पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात सेफ्ट्रियाक्सोनलाही न जुमानणाऱ्या टायफॉइडची साथ सुरू झाली आणि गोळ्यांमध्ये तिथल्या डॉक्टरांच्या हाती एकटं अझिथ्रोमायसिन राहिलं. सेफ्ट्रियाक्सोनला दाद न देणारे जंतू आपल्या मुंबईतही सापडलेत. अझिथ्रोमायसिनला दाद न देणारे बांगलादेशात सापडलेत.

आता आपल्या ओपीडीकडे बघा. नाक वाहतंय, घसा खवखवतोय, अंग मोडून आलंय, ताप एका दिवसाचा; चिठ्ठीवर अझिथ्रोमायसिन ५००, तीन दिवस. या आजारात जंतू, म्हणजे बॅक्टेरिया, नसतातच; विषाणू असतात, आणि त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मात्र त्या माणसाच्या आतड्यात, घशात, त्वचेवर जे कोट्यवधी निरुपद्रवी जंतू राहतात त्या सगळ्यांना औषध भेटतं. अझिथ्रोमायसिनचं अर्धायुष्य, म्हणजे शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे ६८ तास आहे. गोळ्या तीन दिवसांत संपतात, औषध मात्र शरीरात कमी-कमी होत पुढे कितीतरी दिवस रेंगाळतं. जंतूला मारायला अपुरं आणि मुरायला पुरेसं, अशा मात्रेत. ज्या कारणाने ही गोळी पेशंटला सोयीची वाटते, त्याच कारणाने ती चुकीच्या जागी वापरली तर जास्त महागात पडते.

खरा टायफॉइड असेल तेव्हा हीच गोळी पुरेशा डोसने द्यायची असते. मोठ्या माणसाला साधारण दिवसाला १ ग्रॅम, सात दिवस. आणि धीर धरावा लागतो. औषध बरोबर असूनही टायफॉइडचा ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी नातेवाईक अस्वस्थ होतात, आपण सेफ्ट्रियाक्सोनची भर घालतो, मग लिव्होफ्लॉक्सासिनची, आणि पाचव्या दिवशी ताप उतरला की श्रेय शेवटच्या औषधाला जातं. चिठ्ठी देतानाच “ताप चार-पाच दिवस राहील, पण पेशंट जेवू लागला, तरतरी आली तर आपण वाटेवर आहोत” एवढं सांगितलं तर ही साखळी सुरूच होत नाही.

विडाल या टायफॉइडच्या अँटिबॉडी शोधणाऱ्या रक्ततपासणीबद्दल एक विनंती. तापाच्या दुसऱ्या दिवशी केलेली एकच विडाल टेस्ट काहीही सिद्ध करत नाही. अँटिबॉडी तयार व्हायला आठवडाभर जातो, आणि आपल्या भागात आधीच्या संसर्गामुळे ती एरवीही पॉझिटिव्ह येऊ शकते. चार-पाच दिवसांचा ताप असेल तर पहिल्या गोळीआधी ब्लड कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्यासाठी रक्त, पाठवा. मोठ्या माणसाच्या बाटलीत ८ ते १० मिली रक्त लागतं; दोन मिली घातलं तर टायफॉइडचा जंतू हाती लागण्याची शक्यता फारच कमी होते, कारण रक्तात तो मुळातच विरळ असतो. अँटिबायोटिकचे दोन डोस झाल्यावर आलेली बाटली तर बहुतेक वेळा पाच दिवस मशीनमध्ये राहून निगेटिव्ह बाहेर येते. कल्चर लागलं की एक आनंदाची गोष्टही दिसते : ज्या जुन्या औषधांचा वापर टायफॉइडवर थांबला, त्यांना आता बहुतेक जंतू पुन्हा दाद देतात. रिपोर्टमध्ये कोट्रायमॉक्साझोल ‘एस’ असेल तर ते जुनं म्हणून बाजूला सारू नका. (२०१८ मध्ये नवी मुंबईत महापालिकेने मुलांना टायफॉइडची लस मोहीम काढून दिली. आपल्या शहरांनी ते का करू नये, हे नगरपालिकेला विचारण्याचं काम आपलंच आहे. त्यावर वेगळं पत्र लिहीन.)

पावसाळा सरता सरता, ऑगस्ट ते ऑक्टोबर, आपल्याकडे आणखी एक ताप येतो. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसने माणसं दगावली, ते तुम्ही विसरला नसाल. गवतात, झुडपांत असलेल्या बारीक माइटच्या अळीच्या चाव्यातून तो होतो. निंदणाला, गवत कापायला जाणाऱ्या बायकांना जास्त. या जंतूवर सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्सोन, अमॉक्सिसिलिन यांपैकी काहीही चालत नाही. अजिबात नाही. चालतं डॉक्सिसायक्लिन, स्वस्त आणि सरकारी दवाखान्यात मिळणारं. बहुतेक पेशंटचा ताप ४८ तासांत उतरतो. उतरला नाही तर निदानाचा पुन्हा विचार करायचा. मुलांनाही थोड्या दिवसांसाठी ते देता येतं. गरोदर बाईला मात्र अझिथ्रोमायसिन लागतं, आणि म्हणूनही ते शाबूत राहायला हवं. पाच दिवस सेफिक्झिम घेऊन ताप तसाच, प्लेटलेट खाली, डोळे पिवळसर अशा अवस्थेत पेशंट नागपूरला पोचतो तेव्हा गेलेले ते पाच दिवस परत मिळत नाहीत. तापाच्या पेशंटचे कपडे थोडे बाजूला करून काखा, जांघा, कमरेची नाडी बांधायची जागा, स्तनांखालची त्वचा बघा. सिगारेटचा चटका बसावा तशी काळी, न दुखणारी खपली दिसली की निदान जवळजवळ झालंच. बाईला तपासायला नर्स किंवा घरची बाई सोबत असली की संकोच राहत नाही. खपली दुखत नसल्यामुळे पेशंट आपणहून ती दाखवत नाही, तिला ती माहीतही नसते.

माझ्या टेबलावर सर्वांत जास्त येते ती लघवी. बाईला वारंवार लागते, जळजळते, ओटीपोटात दुखतं. ताप नाही, कंबर-बरगडीत दुखत नाही, गरोदर नाही. हा मूत्राशयाचा साधा संसर्ग, आणि बहुतेक वेळा जंतू ई. कोलाय. यावर सिप्रो, नॉरफ्लॉक्स, ऑफ्लॉक्सासिन आणि सेफिक्झिम सर्रास लिहिली जातात. जंतू वाढवायच्या माझ्या प्लेटवर त्याच औषधांत भिजवलेल्या चकत्यांभोवती जंतू थेट कडेपर्यंत उगवलेला असतो, आणि नायट्रोफ्युरँटॉइनच्या चकतीभोवती स्वच्छ मोकळं वर्तुळ. हे औषध १९५३ पासून वापरात आहे. ते जंतूच्या एकाच जागी घाव घालत नाही, एकाच वेळी अनेक ठिकाणी घालतं. जंतूला सगळीकडून बचाव करणं अवघड जातं, म्हणून सत्तर वर्षांनंतरही ते टिकून आहे. दुसरं कारण, ते रक्तात फारसं साचत नाही, लघवीत उतरतं, त्यामुळे बाकी शरीरातल्या जंतूंना ते कमीच भेटतं. हळूहळू सुटणारी १०० मिग्रॅची कॅप्सूल, दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर, पाच दिवस. लघवी गडद पिवळी-तपकिरी होईल हे आधीच सांगा, नाहीतर पेशंट घाबरून दुसऱ्या दिवशी बंद करतो. दुसरा पर्याय फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच पुडी.

त्याच्या मर्यादाही तितक्याच पक्क्या आहेत. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्रपिंडाच्या पेशींत पुरेसं पोचत नाही. थंडी वाजून ताप, उलट्या, बरगडीखाली दुखणं असेल तर ते देऊ नका. कल्चर पाठवा आणि गरज असेल तर भरती करा. किडनीचं काम फार मंदावलेलं असेल, गरोदरपणाचे शेवटचे आठवडे असतील किंवा जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशींतल्या एन्झाइमची कमतरता असेल तरी नको.

आणि ज्या लघवीवर औषध लागतच नाही, तिच्याबद्दल. रुटीन तपासणीत पस सेल्स (पुवाच्या पेशी) दिसल्या, कल्चरला जंतू उगवला, पण पेशंटला त्रास काहीच नाही. वयस्कर मधुमेही बायका, कॅथेटर असलेले आजोबा यांच्यात हे नेहमीचं आहे. गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेला पेशंट सोडला, तर अशा रिपोर्टवर उपचार करू नयेत. त्रास नसलेल्या माणसाची लघवी माझ्याकडे पाठवूच नका. मी जंतू शोधून देईन, आणि कागदावर जंतूचं नाव आलं की औषध न देणं तुम्हाला अवघड होईल.

घशाचं थोडक्यात. खोकला आणि सर्दी सोबत असेल तर तो घसा बहुतेक विषाणूचा. खोकला नाही, ताप आहे, टॉन्सिलवर पांढरे डाग आहेत, गळ्याच्या पुढच्या गाठी दाबल्यावर दुखतात, आणि पेशंट शाळेतला मुलगा आहे, तर स्ट्रेप्टोकॉकसचा विचार करा. हा जंतू आजही पेनिसिलिनला मुकाट दाद देतो. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५० च्या दशकात पेनिसिलिन बनू लागलं तेव्हा जितकं ते या जंतूवर चालत होतं, तितकंच आजही चालतं. अमॉक्सिसिलिन दहा दिवस. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब होऊ नये म्हणून इथे दिवस पूर्ण करायचे. अझिथ्रोमायसिन फक्त पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असलेल्याला. लहान मुलाचा खोकला असेल तर शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा : २ ते ११ महिन्यांच्या बाळात ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त, तर न्यूमोनिया समजून तोंडाने अमॉक्सिसिलिन द्या. छाती आत ओढली जातेय, दूध पीत नाही, झोपाळलंय, तर लगेच पुढे पाठवा. मोजायला लागणारं ते एक मिनिट गर्दीत जड जातं हे मला कळतं, तरी ते द्या.

गळवावर सेफिक्झिम म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. गळवाचा जंतू स्टॅफिलोकॉकस, आणि सेफिक्झिमची त्याच्यावर पकड जवळपास नाहीच. आधी चीर देऊन पू काढा. लहान गळवाला पुष्कळदा तेवढंच पुरतं. औषध लागलंच तर सेफॅलेक्सिन किंवा क्लॉक्सासिलिन, पाच दिवस. पाण्यासारख्या जुलाबाला ओआरएस आणि मुलांना झिंक. ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी नको.

लिव्होफ्लॉक्सासिनबद्दल जरा थांबून बोलायला हवं. दोन आठवडे खोकला, हलका ताप, वजन उतरलेलं, अशा पेशंटला “छातीत कफ आहे” म्हणून लिव्हो दिलं की त्याला बरं वाटतं, कारण हे औषध क्षयाच्या जंतूवरही चालतं. पण एकटं ते क्षय बरा करत नाही, दडपतं. थुंकीत जंतू सापडत नाही, निदान महिनाभर लांबतं, त्या महिन्यात घरातल्या मुलांना लागण होते, आणि क्षयाचा जंतू लिव्होला सरावतो. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या उपचारात याच घराण्यातली औषधं लागतात. असा खोकला दिसला की आधी थुंकी, मग औषध.

तुमच्या अडचणी मला दिसतात. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मजुरी बुडवून आलेला माणूस “डॉक्टर, स्ट्राँग द्या, उद्या कामावर जायचंय” म्हणतो. तुम्ही नाही दिलं तर तो समोरच्या दवाखान्यात जातो, किंवा मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय चार गोळ्या घेतो. सेफिक्झिम एच-वन या कडक नियमांच्या सरकारी औषधयादीत आहे, ती विकताना नोंदवहीत नाव लिहून तीन वर्षं जपायचं बंधन २०१४ पासून आहे. पण कायद्याच्या अंमलबजावणीची वाट बघत बसलो तर काही उरणार नाही. केरळने २०१८ मध्ये स्वतःचा कृती आराखडा केला आणि चिठ्ठीशिवाय विकणाऱ्या दुकानांवर कारवाईही केली. आपल्या जिल्ह्यात केमिस्ट संघटना आणि तुमची संघटना एका टेबलावर बसली तर निदान चिठ्ठीशिवायची विक्री कमी होईल. आणि ओपीडीत एक वाक्य खूप काम करतं : “आज या तापाला अँटिबायोटिक लागत नाही; तीन दिवसांत उतरला नाही, दम लागला, लघवी कमी झाली तर लगेच या, पुन्हा फी घेणार नाही.” त्या शेवटच्या चार शब्दांनी पेशंट दुसरीकडे जाणं बरंचसं थांबतं, असं तुमच्यापैकीच काही जणांनी मला सांगितलंय.

दिवसांचाही प्रश्न आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत त्वचेच्या संसर्गाला आणि रुग्णालयाबाहेर होणाऱ्या न्यूमोनियाला पाच दिवस सांगितलेत. पेशंट सुधारला असेल तर दहा-चौदा दिवसांची सवय सोडायला हरकत नाही.

आता माझ्या बाजूचं. माझा रिपोर्ट वाचताना एमआयसीचे, म्हणजे जंतूची वाढ रोखायला लागणाऱ्या औषधाच्या किमान मात्रेचे, आकडे एकमेकांशी ताडू नका. एका औषधापुढे ०.२५ आणि दुसऱ्यापुढे ८ लिहिलं असेल, तर पहिलं जास्त जोरकस असा अर्थ होत नाही. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी आहे. पुढचं ‘एस’ की ‘आर’ बघा, आणि ‘एस’ असलेल्यांपैकी सर्वांत साधं, त्या जागी पोचणारं निवडा. यापुढे माझ्या लॅबचे रिपोर्ट मीही बदलते आहे : साधी औषधं चालत असतील तर मेरोपेनेम, कोलिस्टिन या गंभीर संसर्गासाठीच्या औषधांची नावं कागदावर छापणार नाही. हवी असतील तर फोन करा, सांगेन. लघवीचा नमुना दोन तासांत पोचवा, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा; उन्हात मोटरसायकलच्या डिकीतून आलेल्या डबीत जंतू वाढलेले असतात आणि मी तुम्हाला नसलेला आजार कळवते.

जिल्ह्याचा अँटिबायोग्राम, म्हणजे कोणत्या जंतूवर कोणतं औषध किती चालतं याचा तक्ता, करायची माझी तयारी आहे. त्यासाठी एका जातीचे किमान ३० जंतू लागतात, एका पेशंटचा पहिलाच धरायचा. सध्या माझ्याकडे येतात ते बहुतेक दोन-तीन औषधं फसल्यानंतरचे नमुने, त्यामुळे माझे आकडे गावातल्या खऱ्या स्थितीपेक्षा वाईट दिसतात. साध्या, पहिल्यांदाच आलेल्या पेशंटची लघवी औषधाआधी पाठवली तरच आपल्या गावाचं खरं चित्र मिळेल. अशा नमुन्यांसाठी मी निम्मा दर घेईन.

संघटनेच्या कार्यकारिणीला विनंती : पावसाळा सुरू होण्याआधीच्या मासिक सभेत मला अर्धा तास द्यावा. मी प्लेट घेऊन येईन, म्हणजे सिप्रो आणि नायट्रोफ्युरँटॉइनच्या चकत्या तुम्हाला शेजारी शेजारी बघता येतील. त्याच सभेत केमिस्ट संघटनेच्या दोघांना बोलवावं. आणि नायट्रोफ्युरँटॉइन, सेफॅलेक्सिन, डॉक्सिसायक्लिन व मुलांचं अमॉक्सिसिलिन तालुक्याच्या प्रत्येक मेडिकलमध्ये कायम मिळतील, याची जबाबदारी कोण घेणार, ते नावासकट ठरवावं.

आपली,
जिल्ह्यातली एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ